उलटा वर्ग: आधी तासिका लिहा, व्हिडिओ मागून

प्रश्न असा आहे: जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातली अनुदानित मराठी शाळा. नववीचा वर्ग, पट 58, विज्ञानाची तासिका 35 मिनिटांची. प्रशिक्षणात फ्लिप्ड क्लासरूम म्हणजे उलट्या वर्गाबद्दल (नवा भाग मुलांनी घरी पाहून यायचा, वर्गातला वेळ सोडवायला नि प्रयोगाला) ऐकलं आणि आता ‘धाराविद्युत’ हा पाठ दिवाळीच्या आत त्या पद्धतीने घ्यायचा आहे. स्मार्टफोन निम्म्या घरांत असेल-नसेल. व्हिडिओ कशावर बनवावेत, कसे पोचवावेत, आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांचं काय करावं?

सर, पहिला प्रश्न सध्या बाजूला ठेवा. उलटा वर्ग फसतो तो बहुतेक वेळा व्हिडिओमुळे नाही. शिक्षक आठवडाभर खपून व्हिडिओ करतात आणि वर्गात आल्यावर त्या मोकळ्या झालेल्या 35 मिनिटांत काय करायचं हेच ठरलेलं नसतं. मग पुन्हा फळ्याकडे वळून तोच पाठ शिकवला जातो. पोरं हुशार असतात. दुसऱ्या दिवशीपासून घरी कोणी काही पाहत नाही, कारण सर वर्गात सांगणारच आहेत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तासिका लिहायची, त्या तासिकेत बसण्यासाठी मुलाला आधी काय माहीत असायला हवं ते ठरवायचं, आणि तेवढंच घरी पाठवायचं. ते व्हिडिओतून गेलं काय नि कागदावरून गेलं काय, फरक थोडाच पडतो.

ही पद्धत आज ज्या नावाने ओळखली जाते तिची सुरुवातही साधीच होती. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क नावाच्या गावातल्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक होते. खेळाच्या सामन्यांना आणि इतर कारणांनी मुलं तास बुडवायची, म्हणून 2007 मध्ये त्यांनी तास रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली. नंतर त्यांच्या ध्यानात आलं की सांगण्याचं काम रेकॉर्डिंग करू शकतं, पण मूल अडकतं तेव्हा शेजारी उभं राहणं रेकॉर्डिंगला जमत नाही. आपल्याकडे सामन्यांच्या जागी कापूस वेचणी घाला, बाकी गणित तेच.

तर तासिका. हजेरी, पाणी, बाकांची ओढाओढ यात चार-पाच मिनिटं जातात, हाती 30 उरतात असं धरा. मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातून एकदा जोडतासिका मिळाली तर प्रयोगाचा दिवस तिथे टाका. शेजारच्या विषयाचे शिक्षक तासिका अदलाबदल करायला सहसा तयार होतात.

ओहमच्या नियमाची (विभवांतर = धारा × रोध) एक तासिका उघडून दाखवतो. पहिली चार मिनिटं चिठ्ठीची: चतकोर कागदावर तीन प्रश्न, वही बंद. एक, सूत्र लिहा. दोन, एका तारेला 3 व्होल्ट विभवांतर दिलं तर 0.15 अँपिअर धारा वाहते, रोध किती? उत्तर 20 ओहम. तीन, त्याच तारेला 6 व्होल्ट दिले तर धारा किती? 0.3 अँपिअर. चिठ्ठ्या गोळा करताना तिसऱ्या उत्तरावरून नजर फिरवा. रोधही दुप्पट झाला असं धरून 0.15च लिहिणारी पाच-सहा मुलं सापडतील, त्यांची नावं डोक्यात ठेवा. चिठ्ठीला गुण देऊ नका. घरून पाहून आला की नाही आणि पाहून काय कळलं, एवढंच तिच्यातून काढायचं आहे.

त्यानंतरची आठ मिनिटं एका प्रश्नाला द्या. फळ्यावर एकसर जोडणीत दोन सारखे बल्ब काढा. पहिल्या बल्बच्या आधी 0.2 अँपिअर धारा आहे. दोन बल्बांच्या मध्ये किती, आणि दुसऱ्या बल्बच्या पुढे किती? पर्याय: (1) मध्ये 0.2, पुढे 0.2. (2) मध्ये 0.1, पुढे शून्य. (3) मध्ये 0.15, पुढे 0.1. (4) मध्ये 0.2, पुढे शून्य. मुलांनी बोलायचं नाही. छातीशी धरून एक, दोन, तीन किंवा चार बोटं दाखवायची. हात वर केला की बाकीचे पाहून बोटं बदलतात, म्हणून छातीशी. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर 1991 पासून अशाच प्रश्नांवर तास चालवत आले, आणि त्यांचा ठोकताळा नववीलाही लागू पडतो. बरोबर उत्तर साधारण 30 ते 70 टक्क्यांच्या मध्ये असेल तर दोन मिनिटं शेजाऱ्याला पटवायला सांगा आणि पुन्हा बोटं मागा. 30च्या खाली असेल तर चर्चा करून उपयोग नाही, कारण पटवणाराच चुकलेला असतो. तिथे तुम्हीच समजावा. 70च्या वर असेल तर पुढे चला.

आपल्या भागात या प्रश्नाला दुसरा किंवा तिसरा पर्याय दणकून येतो, आणि त्याला चांगलं कारण आहे. केळीच्या बागेत ठिबकची नळी पाहत मोठी झालेली ही मुलं आहेत. प्रत्येक ड्रिपरला पाणी गळतं आणि शेवटच्या झाडापर्यंत ते कमी-कमी होत जातं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. विजेची तार त्यांना तशीच नळी वाटते. कोपऱ्यातून अहिराणीत ‘करंट कमी व्हई गया’ असं ऐकू आलं की समजा, ठिबक डोक्यात आहे. ते नाकारू नका, उलट फळ्यावर काढाच. नळीचं टोक बंद असतं आणि पाणी जमिनीत जातं. परिपथ मात्र फिरून सेलकडे येतो आणि वाटेत धारा कुठेच गळत नाही. सायकलच्या साखळीचं उदाहरण इथे चपखल बसतं. पायडल मारताना साखळी पुढच्या दात्यावर जेवढ्या वेगाने सरकते तेवढ्याच वेगाने मागच्या दात्यावरही सरकते. मागचं चाक साखळी खात नाही, साखळीतून आलेला जोर घेतं. बल्ब तसा ऊर्जा घेतो, धारा खात नाही. एवढं एक कोडं सुटलं तर त्या दिवसाची तासिका वसूल झाली म्हणा. हे व्हिडिओत टाकू नका. व्हिडिओत मूल मान डोलावतं आणि ठिबक आहे तिथेच राहतं.

उरलेल्या वेळेत मोजणी. 58 मुलांचे चार-चारचे बारा आणि पाच-पाचचे दोन गट होतात. सहाच्या गटात दोघं करतात नि चौघं बघतात, म्हणून मोठे गट नकोत. प्रत्येक गटाला साहित्य मिळणार नाही. तीन संच करा, तीन गट मोजतील, बाकीचे उदाहरणं सोडवतील आणि दहा मिनिटांनी पाळी बदलेल. एका तासिकेत सगळ्यांची पाळी येत नाही, जोडतासिका मागायची ती याचसाठी.

संचात 1.5 व्होल्टचे तीन सेल, होल्डर, 100 ओहमचा रेझिस्टर (तपकिरी-काळा-तपकिरी पट्टे, शेवटचा सोनेरी) आणि दोन साधे डिजिटल मल्टिमीटर, जे दोनशे-तीनशे रुपयांत मिळतात. एक सेल जोडला की सुमारे 15 मिलिअँपिअर, दोन जोडले की 30, तीन जोडले की 45. सेल जुने असतील तर आकडे खाली येतात, म्हणून ‘सेल 1.5चा आहे’ असं धरून चालू नका, दुसऱ्या मल्टिमीटरने विभवांतर मोजायला लावा. विभवांतर भागिले धारा (अँपिअरमध्ये) हा भागाकार तरीही शंभराच्या आसपासच येतो, आणि मुलांना नियम खरा वाटतो तो तिथे.

100 ओहमच का? सगळ्यात स्वस्त पाव वॅटचा रेझिस्टर 4.5 व्होल्टवर साधारण 0.2 वॅट घेतो, म्हणजे टिकतो. तोच 10 ओहमचा आणलात तर दोन वॅट होतात, धूर निघतो आणि कोणाचं तरी बोट भाजतं. टॉर्चचा बल्ब घेतला तर आलेख सरळ येत नाही, कारण तापलं की तंतूचा रोध वाढतो. तो प्रयोग चांगलाच आहे, पण पुढच्या आठवड्यासाठी राखा. आणि मल्टिमीटर मिलिअँपिअरवर असताना कोणी ना कोणी त्याच्या पिना थेट सेलच्या दोन टोकांना लावतंच. आतला फ्यूज उडतो, आकडा शून्यावर बसतो आणि गट म्हणतो ‘सर, सेल संपला’. दोन-चार जास्तीचे फ्यूज आणि एक लहान पेचकस खिशात ठेवा. संधी मिळाली की दोन रेझिस्टर एकसर जोडून दोन सेलवर तिन्ही जागी धारा मोजून दाखवा: सगळीकडे साधारण 15 मिलिअँपिअर. ठिबकचा शेवट तिथे होतो.

शेवटची तीन मिनिटं मोकळी ठेवा. त्यात प्रत्येकाने वहीत एक वाक्य लिहायचं: आज काय वेगळं कळलं, किंवा काय अजून कळलं नाही.

आता यावरून घरी काय पाठवायचं ते आपोआप निघतं: विभवांतर, धारा आणि रोध यांची ओळख, सूत्र आणि एककं, एक सोडवलेलं उदाहरण, आलेख कसा वाचायचा. बस. सहा मिनिटांचं काम. आठ झाली तर चालतील, बारा नकोत. तुम्ही मिनिटाला साधारण शंभर-एकशेदहा शब्द बोलता असं धरलं तर सहा मिनिटांना साडेसहाशे शब्द होतात. ते आधी कागदावर लिहून काढा. न लिहिता बोलायला लागलं की ‘तर मित्रांनो’ म्हणण्यात पहिलं मिनिट जातं.

बनवायला संगणक लागत नाही. टेबलावर पुस्तकांचा फूटभर उंच ढीग करा, वरच्या दोन पुस्तकांमध्ये फोन असा दाबा की कॅमेरा कडेबाहेर येईल आणि खाली पाहील. त्याखाली आडवा कोरा कागद आणि जाड स्केचपेन. एका कागदावर सात ओळींपेक्षा जास्त नको, घरचा फोन लहान असतो आणि काच फुटलेली असते. चेहरा दिसला नाही तरी चालतं, आवाज ऐकू आलाच पाहिजे: वायरवाल्या इअरफोनचा माइक कॉलरला अडकवा आणि पंखा बंद करा. पत्र्याच्या खोलीत पावसात रेकॉर्डिंगला बसू नका.

सगळ्यात जास्त गोची फाइलच्या आकाराची होते. कॅमेरा बहुधा 1080च्या दर्जावर (चित्राच्या बारकाव्याचा आकडा) असतो, सहा मिनिटांची फाइल सहज पाचशे-सातशे एमबी होते, आणि ती कुणालाच मिळत नाही. एखाद्या मोफत ॲपमध्ये तोच व्हिडिओ 480वर आणा, मग काम 20-25 एमबीत होतं. कागदावरच्या अक्षरांना तेवढं पुरतं. मध्ये दोन ठिकाणी ‘थांबा, वहीत सोडवा’ म्हणा आणि दहा सेकंद खरंच गप्प बसा. पहिल्या व्हिडिओला तीन-चार तास जातील हे धरून चला. पुढे पुढे वेळ बराच उतरतो.

सगळं स्वतः बनवायलाच हवं असंही नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये उघडून पाहा. तिथलं साहित्य ॲपमध्ये उतरवून नंतर इंटरनेटशिवायही पाहता येतं. फक्त आधी पूर्ण पाहा आणि मुलांना नेमकं सांगा: अमुक मिनिटापासून तमुक मिनिटापर्यंत. त्यातल्या संज्ञा पुस्तकाशी जुळतात का तेही तपासा. पुस्तकात ‘रोध’ आणि व्हिडिओत ‘प्रतिरोध’ असं झालं की हुशार मुलंही दोन वेगळ्या वस्तू समजतात. तुम्ही स्वतः बोलाल तेव्हा संज्ञा पुस्तकातल्याच ठेवा, मधलं बोलणं घरच्यासारखं असू द्या. वर्गात गट अहिराणीत भांडत असतील तर भांडू द्या, विचार त्या भाषेत चाललेला असतो. वहीत उतरताना प्रमाण मराठी आली म्हणजे झालं.

आता फोनचं. ‘घरी स्मार्टफोन आहे का?’ असं विचारू नका. लाजेने निम्मी मुलं हो म्हणतात, आणि आहे म्हणणाऱ्याचा फोनही बापासोबत शेतात नाहीतर सुरतेला असतो. चिठ्ठीवर असं विचारा: काल रात्री आठ ते नऊ या वेळेत घरातला फोन कोणाच्या हातात होता? तो तुला पंधरा मिनिटं मिळाला असता का? त्यात नेटपॅक होता का? मेमरी कार्ड आहे का? नावासकट पण गुपचूप. समजा 58पैकी 30 मुलांना फोन खरोखर मिळतो असं निघालं, तर उरलेल्या 28 जणांची सोय केल्याशिवाय सुरुवात करू नका. नाहीतर वर्गात दोन जाती तयार होतात, आणि ते तुम्ही केलेलं असतं.

सोय तीन तऱ्हांनी होते. एसटीने येणारी मुलं परिपाठाच्या अर्धा-पाऊण तास आधीच आवारात बसलेली असतात. शाळेचा टीव्ही पेनड्राइव्हवर सुरू करा, त्यांचं तिथेच आटोपतं. गावातल्या मुलांना मेमरी कार्डवर किंवा ब्लूटूथने आठवड्याचा व्हिडिओ द्या. आणि तिसरी, जिला लोक कमी लेखतात: कागद. पाठ्यपुस्तकाची दीड-दोन पानं नेमून द्या आणि सोबत चार प्रश्नांची पाठपोट एक झेरॉक्स. पहिले दोन आठवडे तर सगळ्या वर्गालाच फक्त कागद द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. तासिका नीट बसते की नाही ते आधी कळेल, व्हिडिओच्या कटकटी त्यात मिसळणार नाहीत. चार मुलांनी एका फोनवर बघायचं ही कल्पना कागदावर छान दिसते, पण रात्री नऊला मुलींना दुसऱ्या गल्लीत कोण पाठवणार? त्यांच्यासाठी सकाळचा टीव्हीच.

वेळही निदान दोन रात्रींची द्या. आज देऊन उद्या विचारायचं नाही, लोडशेडिंगमध्ये एक रात्र सहज जाते. गुरुवारी दिलेलं सोमवारी विचारा. घरच्या कामाचा एकूण पसारा वीस मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका आणि त्या दिवशी विज्ञानाचा दुसरा गृहपाठ देऊ नका.

पाहून न आलेल्यांसाठी नियम एकच आणि तो मोडायचा नाही: वर्ग थांबणार नाही. दारात वही दाखवायची, वहीत थांब्यांवरची दोन उत्तरं आणि स्वतःचा एक प्रश्न. ते नसेल तर शेवटच्या बाकावर शाळेच्या टॅबवर किंवा कागदावर आठ मिनिटांत उरकायचं आणि मग गटात यायचं. ओरडायचं नाही, उभंही करायचं नाही. पण ‘ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो’ हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की पद्धत संपली. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मुलं मागच्या बाकावर दिसतील, घाबरू नका. तीन-चार आठवड्यांनंतरही तीच मुलं तिथे दिसत असतील तर त्यांच्या घरी काहीतरी आहे. तेव्हा नियम बाजूला ठेवून चौकशी करा.

पालकांकडून तक्रार एका वाक्याची येते: ‘सर आता शिकवतच नाहीत, मोबाईल बघा म्हणतात.’ ती येण्याआधी पालकसभेत अर्ध्या पानाचं पत्र वाचून दाखवा: आठवड्यातून एकदा, फोन पंधरा मिनिटं, फोन नसेल तर सकाळी शाळेत. पाठ टाचणात ‘घरी’ आणि ‘वर्गात’ असे दोन रकाने करा, म्हणजे भेटीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांना वर्गातला गोंगाट कशाचा ते कागदावर दिसेल. शेजारच्या वर्गाला मात्र आधी सांगून ठेवा, 14 गट बोलायला लागले की भिंत पुरत नाही.

सगळे पाठ उलटवू नका. नकाशे, व्याख्या, वर्गीकरण असं जे आहे ते सरळ शिकवलेलं बरं. चार तासिकांतून एक पुरे. पडताळा घ्यायचा तर घटक चाचणीत दोन प्रश्न मुद्दाम असे टाका की जे पाठ करून येत नाहीत, आणि तेच दोन दुसऱ्या तुकडीलाही द्या. सरासरी गुणांपेक्षा कोरे सोडलेले किती, ते मोजा.

तुमच्याच तालुक्यात डोंगराकडे किंवा नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे आश्रमशाळेत कोणी ओळखीचे शिक्षक असतील तर त्यांनाही सांगा, ही पद्धत तिथे जास्त सोपी जाते. मुलं राहायला तिथेच असतात आणि संध्याकाळची अभ्यासिका रोज होते. एका टीव्हीवर सगळ्यांचं ‘घरचं’ काम होतं, फोनचा प्रश्नच उरत नाही. तिथे अडचण भाषेची असते. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला सहा मिनिटांचा मराठी व्हिडिओ दोनदा पाहावा लागतो, म्हणून अभ्यासिकेत त्याला पंधरा मिनिटं नेमून द्या.

वेळेचं गणित: ऑगस्टमध्ये दोन आठवडे कागदावर, सप्टेंबरात तीन व्हिडिओ, मग सत्र परीक्षा. वेचणी जोरात सुरू झाली की हजेरी विरळ होते, तेव्हा नवीन काही सुरू करू नका. पण जे बनलं आहे ते फेकूही नका. जो मुलगा पंधरा दिवस मामाच्या शेतात कापूस वेचायला जाणार आहे त्याच्या मेमरी कार्डात जाण्याआधीच तिन्ही व्हिडिओ भरा, दप्तरात तीन झेरॉक्स घाला, आणि परत आल्यावर पहिल्या तासिकेला त्याला मोजणाऱ्या गटात बसवा.